शनिवारी यार्ड सेल, रविवारी मिसळ

आमच्या बेसमेंटमध्ये एक फॉन्ड्यू सेट आहे. लाल, देखणा, सहा लांब काट्यांसकट एका यार्ड सेलमधून, म्हणजे लोक घरासमोर मांडतात त्या जुन्या सामानाच्या विक्रीतून, चार डॉलरला घेतलेला. त्यात चीज एकदाही वितळलेलं नाही. त्याच्या शेजारी ब्रेड मशीन आहे, त्यातली पीठ फिरवणारी पाती विकणाऱ्याकडेच राहिली. न्यू जर्सीत आल्यानंतरच्या पहिल्या दोन उन्हाळ्यांत मी असं बरंच काही ‘किती स्वस्त!’ म्हणत घरी आणलं. मग एक नियम केला: शनिवारी घेतलेली वस्तू रविवारी पाहुण्यांसमोर वापरता आली पाहिजे. रविवारचं ताट डोळ्यांसमोर आणायचं आणि त्यात ती वस्तू कुठे बसते ते बघायचं. बसत नसेल तर फुकट मिळाली तरी नको.

या नियमामुळे शनिवार-रविवारला आपोआप आकार येतो. सकाळी भटकंती, दुपारी घासणं-पुसणं, दुसऱ्या दिवशी आठ-दहा माणसं जेवायला. बेत मात्र असा हवा की यजमानीणबाई ओट्याला चिकटून राहणार नाहीत. माझ्या मते त्यासाठी मिसळीला तोड नाही. बरंचसं आदल्या दिवशी होतं, प्रत्येकजण आपापलं वाढून घेतो, आणि तिखटाचं प्रमाण ज्याचं तो ठरवतो. खाली दिलेली मापं दहा माणसांची आहेत.

शुक्रवार

सकाळी कामाला बसण्याआधी अर्धा किलो मटकी निवडून, धुऊन कोमट पाण्यात भिजत घाला. निवडताना खडे बघाच, इथल्या पाकिटातही निघतात. रात्री आठच्या सुमारास पाणी पूर्ण निथळू द्या, मटकी ओल्या सुती पंचात सैलसर बांधा आणि पुरचुंडी चाळणीत ठेवून बंद ओव्हनमध्ये सरकवा. मे महिन्यातही इथल्या रात्री गार असतात, म्हणून ओव्हनचा फक्त दिवा लावून ठेवायचा. तेवढी ऊब मोडांना पुरते.

आणि ओव्हनच्या बटणावर चिठ्ठी चिकटवा: ‘आत मटकी आहे’. एकदा नवऱ्याने शनिवारी सकाळी पिझ्झा गरम करायला ओव्हन ४०० फॅरनहाइटवर लावला होता. पंचासकट मटकी भाजून निघाली, आणि रविवारी पाहुण्यांना पावभाजी मिळाली.

रात्री जेवण झाल्यावर रस्ता आखायचा. क्रेगलिस्ट, फेसबुक मार्केटप्लेस, नेक्स्टडोअर या जाहिरातींच्या साइटवर गावाचं नाव टाकून सेल शोधा. जाहिरातीच्या शब्दांवरून बरंच कळतं. ‘मल्टी-फॅमिली’ म्हणजे तीन-चार घरांनी मिळून मांडलेला पसारा, एका फेरीत खूप बघून होतं. ‘टाउन-वाइड’ म्हणजे सगळं गावच त्या दिवशी सामान बाहेर काढतं, तिथे गाडी एका जागी लावून पायी फिरावं. ‘इस्टेट सेल’ वेगळा. घरातलं वडीलधारं माणूस गेलं किंवा वृद्धाश्रमात हलवलं की अख्खं घर विकायला काढतात. तो बहुधा एखादी कंपनी चालवते, आत सोडायला नंबर देतात, पहिल्या दिवशी भाव चढे आणि शेवटच्या दिवशी पुष्कळदा निम्मे. स्वयंपाकघरातली जुनी, दणकट भांडी मिळायची तर तिथेच. फक्त कुणाच्या तरी आजीचे मसाल्याचे डबे उघडून बघताना मला अजूनही थोडं अवघडल्यासारखं होतं.

चौथा प्रकार आपल्या लोकांचा, ‘मूव्हिंग सेल’. भारतात परत निघालेली किंवा दुसऱ्या राज्यात बदली झालेली कुटुंबं. यात ११० व्होल्टचा मिक्सर, पोळपाट-लाटणं, इडलीपात्र, मोठा कुकर असं सगळं निघतं. न्यू जर्सीतल्या एडिसन-आयझेलिन या भारतीय वस्तीच्या गावांच्या आसपास राहत असाल तर हे सेल अजिबात सोडू नका. तिथल्या ओक ट्री रोडवरच्या भारतीय दुकानांत नवा मिक्सर किती डॉलरला पडतो ते तुम्हाला माहीत आहेच.

तीन-चार ठिकाणं पुरे. कागदावर क्रमाने लिहा, जुनी भांडी असलेलं घर पहिलं. खिशात एक-एकच्या पंधरावीस नोटा, पाचच्या चार-पाच आणि मूठभर क्वार्टर, म्हणजे पंचवीस सेंटची नाणी, ठेवा. पाच डॉलरची वस्तू तीनला मागून हातात वीसची नोट देणं बरं दिसत नाही. गाडीत जुनी वर्तमानपत्रं, दोन खोकी, मोजपट्टी आणि ओल्या कपड्याचं पाकीट असू द्या.

शनिवार सकाळ

बहुतेक सेल आठला सुरू होतात. पावणेआठला पोचावं, पण पाटीवर ‘नो अर्ली बर्ड्स’ (वेळेआधी येऊ नका) असेल तर गाडीतच बसून कॉफी प्यावी. घासाघीस जमते, मात्र तुळशीबागेतली पद्धत इथे चालत नाही. निम्म्यापासून सुरुवात करून, तोंड वाकडं करून चार पावलं निघून गेलात तर कुणी मागून हाक मारत नाही, तुम्ही खरंच गेलात असं समजतात. हसून ‘वुड यू टेक फाइव्ह?’ एवढंच विचारायचं. आठचे पाच-सहा सहज होतात. दोन-तीन वस्तू एकत्र करून ‘सगळ्याचे मिळून दहा?’ म्हटलं तर आणखी सोपं. डॉलरच्या आतल्या वस्तूला भाव करू नये. आणि पोरांनी लिंबू सरबताचं टेबल मांडलं असेल तर सांगतील ती किंमत द्यायची, कितीही पाणचट असलं तरी प्यायचं.

दुपारी एकनंतर पुन्हा एक फेरी मारता येते. सामान परत आत न्यायचा कंटाळा आलेला असतो, तेव्हा खुर्च्या, टेबलं, मोठी पातेली मातीमोल भावात जातात. पण चांगली भांडी तोपर्यंत उडालेली असतात.

आता काय बघून घ्यायचं ते. बिडाच्या तव्यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण यार्ड सेलमधली मराठी स्वयंपाकघराच्या सगळ्यात कामाची वस्तू तीच.

इथे त्याला कास्ट आयर्न ग्रिडल किंवा स्किलेट म्हणतात. ग्रिडल म्हणजे जवळजवळ बिनकाठाचा, थालीपीठ-भाकरीला उत्तम. पेनसिल्व्हेनियातल्या ईरी गावची ग्रिसवोल्ड आणि ओहायोतल्या सिडनीची वॅग्नर ही दोन जुनी नावं मागच्या बाजूला कोरलेली दिसली तर तवा हातातून सोडू नका. त्यांचं बीड पातळ आणि आतून घासून गुळगुळीत केलेलं असायचं. टेनेसीतल्या लॉजचे तवे अजून बनतात, जड आणि थोडे खरखरीत, तेही चांगलेच. मागे ‘८’ असा आकडा असेल तर तो इंचांचा नव्हे. तो जुन्या चुलीच्या भोकाच्या मापाचा आहे, आठ नंबरचा स्किलेट साधारण साडेदहा इंच भरतो.

तपासणी अशी. तवा सपाट फरशीवर ठेवा आणि काठाच्या समोरासमोरच्या बाजूंना बोटाने दाबा. डुलला तर बूड वाकलेलं आहे, काचेच्या शेगडीवर तो निरुपयोगी. मग दांडा धरून अधांतरी ठेवा आणि बोटाच्या पेराने टकटक करा. घंटेसारखा लांब नाद आला तर ठीक, बद्द आवाज आला तर कुठेतरी चीर गेली आहे. काठावरून नख फिरवा, केसाएवढी चीर डोळ्यांआधी नखाला कळते. गंज दिसला तर खूश व्हा. गंज निघतो, आणि त्याच्यामुळे भाव उतरतो. एक प्रश्न मात्र आवर्जून विचारा: यात शिसं कधी वितळवलं होतं का? मासेमारीची वजनं किंवा बंदुकीच्या गोळ्या ओतायला काही लोक जुनी बिडाची भांडी वापरत. तव्यावर करडे, चांदीसारखे डाग असतील किंवा उत्तर गुळमुळीत आलं तर तो तवा नको.

माझा तवा शेजारच्या रस्त्यावरच्या एका बाईंकडून घेतला. सत्तरी ओलांडलेल्या, गराजच्या तोंडाशी घडीच्या खुर्चीवर बसलेल्या. आठ डॉलरची चिठ्ठी होती. मी पाच विचारले. त्यांनी उलट विचारलं, ‘यावर करणार काय?’ मी तळहात थापून दाखवलं, मध्ये बोटाने भोक पाडलं. ‘म्हणजे पॅनकेकच की,’ म्हणाल्या आणि पाच घेतले. त्यांना मी दुसऱ्या दिवशी जेवायला बोलावलं. अशा वेळी बोलवून टाकावं, विचार करत बसलं की राहून जातं.

बाकीच्या वस्तूंबद्दल थोडक्यात. कॉर्निंगवेअरची निळ्या फुलांची पांढरी भांडी भरपूर दिसतात. १९५३ मध्ये कॉर्निंग कंपनीच्या प्रयोगशाळेत डोनाल्ड स्टूकी यांच्या भट्टीचं तापमान चुकून ९०० सेल्सियसपर्यंत चढलं, तरी आतली काच वितळली नाही आणि चिमट्यातून निसटून खाली पडली तेव्हा फुटलीही नाही, त्यातून हा पदार्थ सापडला. १९५८ पासून त्याची भांडी निघाली. ही जुनी भांडी फ्रीजमधून थेट गॅसवर चालतात. नंतरच्या काळात त्याच नावाने स्टोनवेअरचीही निघाली, ती शेगडीवर ठेवली तर तडकतात. भांडं उलटं करून बुडावरचा मजकूर वाचा. पायरेक्सचे काचेचे वाडगे कोशिंबिरीला आणि पीठ भिजवायला छान, पण ओव्हनमधून काढून ओल्या ओट्यावर ठेवू नका.

ताटांच्या बाबतीत जपून. जुन्या रंगीत नक्षीच्या क्रोकरीत शिसं असू शकतं. कोरेलच्या २००५ च्या आधीच्या ताटल्या शोभेसाठी ठेवाव्यात असं त्या कंपनीनेच सुचवलेलं आहे. मी तर सरळ बिननक्षीची स्टीलची किंवा साधी पांढरी, अलीकडची ताटं घेते. पंचवीस सेंटला एक अशी पांढरी खोलगट वाडगी मिळाली तर दहा-बारा उचला, रंग जुळले नाहीत तरी चालेल. मिसळीला पसरट ताटली नको, वाडगाच हवा.

विजेची वस्तू घेण्याआधी गराजमधल्या प्लगला लावून बघायला मागा, कुणी नाही म्हणत नाही. इन्स्टंट पॉट, म्हणजे विजेवरचा कुकर, मिळाला तर झाकणातली रबरी रिंग नवी आणा, जुन्या रिंगमधून आदल्या मालकांच्या चिलीचा (राजमा-मांसाच्या तिखट रश्शाचा) वास जात नाही. टेबलक्लॉथ आणि नॅपकिन जरूर घ्या, घरी आल्यावर गरम पाण्यात धुऊन ड्रायरमध्ये जास्तीत जास्त उष्णतेवर अर्धा तास फिरवा. गादीच्या खुर्च्या आणि सोफे शक्यतो टाळा, ढेकूण फुकट येतात आणि घालवायला हजारो डॉलर लागतात. मुलांची कार सीट आणि सायकलचं हेल्मेट वापरलेलं कधीच घेऊ नये. बाजू खाली सरकणारं बाळाचं पाळण्यासारखं क्रिब अमेरिकेत २०११ पासून विकायलाच बंदी आहे, तरी एखाद्या गराजच्या कोपऱ्यात उभं दिसतं.

आणि हो, झाकणासकट दोन-तीन स्वस्त डबे घ्या. का ते शेवटी.

शनिवार दुपार ते रात्र

तवा आधी गरम पाणी, साबण आणि तारेच्या घासणीने खसखसून घासा. बिडाला साबण लावू नये हे तयार तव्याबद्दल म्हणतात, इथे आपल्याला सगळं मूळपदावर आणायचं आहे. गंज जास्त असेल तर व्हिनेगर आणि पाणी समसमान घेऊन त्यात बुडवा, पण विसरून झोपू नका. दर अर्ध्या तासाने बघायचं, गंज सुटला की लगेच बाहेर, कारण मग व्हिनेगर लोखंडच खायला लागतं. पुन्हा धुवा, शेगडीवर ठेवून कोरडा ठक्क करा.

एव्हाना चार वाजलेले असतात. ओव्हनमधली मटकी काढा, बोटाच्या अर्ध्या पेराएवढे मोड आलेले असतील. ती डब्यात भरून फ्रीजमध्ये. आता ओव्हन रिकामा झाला, तव्याची पाळी. कोमट तव्याला आतून-बाहेरून, दांड्यालासुद्धा, चमचाभर साधं तेल चोळा आणि मग कोरड्या कपड्याने असं पुसा की जणू तेल लावलंच नव्हतं. सगळ्यांची चूक इथेच होते. तेल जास्त राहिलं की तवा चिकट होतो आणि महिनाभर चिकटच राहतो. ओव्हनमध्ये उलटा ठेवा, खालच्या कप्प्यात फॉइल, ४५० फॅरनहाइटवर एक तास, मग आतच गार होऊ द्या. वेळ असेल तर हे दोनदा. थोडा धूर होतो, खिडकी उघडून ठेवा.

तोवर श्रीखंडाची तयारी. इथे चक्क्याचं अर्धं काम दुकानात झालेलं असतं. ३२ औंसाचा, पूर्ण दुधाचा ग्रीक योगर्टचा डबा पंचात बांधून चाळणीत ठेवा, खाली पातेलं, आणि रात्रभर फ्रीजमध्ये. सकाळी पातेल्यात जे पाणी उतरेल ते फेकू नका. सातशे ग्रॅमच्या आसपास चक्का मिळतो, त्याला ३०० ग्रॅम बारीक साखर. आपल्याकडे समसमान घालतात, पण पाहुण्यांत अमेरिकन असतील तर एवढी पुरते, आणि खरं सांगायचं तर आता मलाही एवढीच आवडते.

मग वाटण. तीन मोठे कांदे उभे चिरून थोड्या तेलात काळपट तपकिरी होईपर्यंत परता, घाई करू नका, पंधरा मिनिटं लागतात. एक कप सुकं खोबरं भाजा. अमेरिकन दुकानातून आणलं तर पाकिटावर ‘अनस्वीटंड’ लिहिलंय ना ते बघा, गोड खोबऱ्याचा कट कुणाला आवडत नाही, मी करून पाहिलाय. पंधरा लसूण पाकळ्या, दोन इंच आलं, चमचाभर धणे, दोन चमचे तीळ, चार लवंगा, सहा मिरी, दालचिनीचा तुकडा. सगळं भाजून, गार करून गंधासारखं बारीक वाटा.

पाऊण कप तेल तापवा आणि आच पूर्ण कमी करा. आता दोन मोठे चमचे काश्मिरी तिखट आणि एक मोठा चमचा कांदा-लसूण मसाला तेलात सोडा. तेल कडकडीत असेल तर तिखट जळून काळं पडतं आणि तर्रीचा लाल रंग गेला तो गेलाच. लगेच वाटण घालून कडेने तेल सुटेपर्यंत आठ-दहा मिनिटं परता. मग दहा कप उकळतं पाणी, मीठ, सुपारीएवढा गूळ, थोडा चिंचेचा कोळ. मंद आचेवर वीस मिनिटं उकळू द्या, ढवळत बसू नका, म्हणजे तेल वर येतं. गार झाला की फ्रीजमध्ये. दुसऱ्या दिवशी कट नेहमीच जास्त चांगला लागतो.

पाहुण्यांना संध्याकाळी एक मेसेज करा: शेंगदाणे, तीळ यांची कुणाला ॲलर्जी आहे का? फरसाणात दाणे असतात, वाटणात तीळ. इथे हा प्रश्न शिष्टाचाराचा नाही, खरंच जिवाशी गाठ असते.

रविवार

सकाळी निवांत उठा. अकराला सुरुवात केली तरी एकला जेवण तयार होतं. मोहरी, हिंग, हळद, कढीपत्ता अशी फोडणी करून त्यात एक कांदा परता, मटकी घाला, दोन कप पाणी आणि मीठ. झाकण ठेवून पंधरा मिनिटं. दाणा बोटाने चेपला जावा, पण त्याचं पिठलं होऊ नये. ही उसळ कमी तिखट ठेवा, लहान मुलं आणि बिचकणारे पाहुणे नुसती खातात. दुसरीकडे कट मंद आचेवर गरम करत ठेवा.

चक्क्यात साखर मिसळून अर्धा तास ठेवा, साखर विरघळली की पुरणयंत्रातून किंवा बारीक चाळणीतून काढा, दुधात भिजवलेलं केशर, वेलची, जायफळ. झालं. पुन्हा फ्रीजमध्ये.

आता तवा. तीन कप भाजणीत दोन कांदे बारीक चिरून, कोथिंबीर, तिखट, हळद, ओवा, मीठ, आणि भिजवायला ते चक्क्याचं राखलेलं पाणी, कमी पडलं तर साधं पाणी. थोडा आंबटसर स्वाद येतो, तो मला ताकापेक्षाही आवडतो. पार्चमेंट पेपरवर पाण्याच्या हाताने थापा, पाच भोकं पाडा, तव्यावर उलटवून कागद सोडवा. भोकांत तेल, वर झाकण. नव्याने तयार केलेल्या तव्याचं पहिलं काम थालीपीठच असावं, तेल भरपूर पडतं आणि तवा आणखी मुरतो. चिंच-टोमॅटोची आंबट भाजी मात्र त्यात महिनाभर तरी नको. काचेच्या शेगडीवर तवा ओढू-सरकवू नका, उचलून ठेवा.

पहिलं थालीपीठ चिकटेल. चिकटू दे, ते आपण उभ्याउभ्याच खायचं.

पाहुणे आले की छोटी थालीपीठं लोण्यासोबत फिरवा, तेवढ्यात पाव होतात. दोन डझन पोटॅटो रोल आणा, हवाईयन रोल फार गोड पडतात. त्याच तव्यावर लोणी लावून शेका. टेबलावर ओळीने मांडा: वाडगी, उसळ, दोन पाउंड फरसाण, कट, बारीक कांदा, कोथिंबीर, लिंबाच्या फोडी, दही, शेवटी पाव. नवख्या पाहुण्यापुढे एक वाडगं स्वतः भरून दाखवा, कट अर्धी पळीच घाला आणि दह्याचं भांडं जवळ सरकवा. मग आपणही बसा.

तवेवाल्या बाई आल्या. वाडगं दोनदा भरून घेतलं, नाक पुसत. मग ओट्याशी जाऊन तवा उलटा-सुलटा करून बघितला. त्यांच्या सासूबाईंचा होता, हे आदल्या दिवशी सांगितलं नव्हतं.

निघताना उरलेलं बांधून द्यायचं, त्यासाठी ते स्वस्त डबे. पन्नास सेंटचा डबा परत आला काय, न आला काय. जे द्यायचं नसेल ते बेत संपल्यावर दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये टाका. कट फ्रीझरमध्ये दोन महिने सहज राहतो, फरसाण मात्र उघडं ठेवलं की मऊ पडतं, लगेच डबाबंद करा. तवा गरम असतानाच गरम पाण्याने धुऊन, शेगडीवर कोरडा करून, तेलाचा हात फिरवून ठेवा.

बुधवारी दारावर टकटक झाली. बाई डबा परत द्यायला आल्या होत्या, आणि त्यात त्यांच्या परसातल्या रुबार्ब या आंबट भाजीच्या लालचुटुक दांड्या. त्यांनी पायची कृती सांगितली. मी मान डोलावली आणि संध्याकाळी मेथ्या, गूळ, तिखट घालून त्याचा मेथांबा केला. कैरीपेक्षा लवकर शिजतो, पाच मिनिटांत उतरवा.